प्रेत हलवायला हरकत नाही

संपादकांचं पत्र आलं आहे. ‘तुम्ही अकरा वर्षं रंगभूमीवर फौजदार होता, त्यातल्या गमतीजमती दिवाळी अंकासाठी लिहा,’ असं त्यात म्हटलं आहे. गमती दोन-तीन आहेत. त्या आधी सांगून मोकळा होतो, कारण मला जे सांगायचं आहे ते एकदा सुरू झालं की गमतींना जागा उरणार नाही.

माझं गाव नागाव. तरुणपणी मी अलिबागच्या कोर्टात नक्कलनवीस होतो. निकालांच्या, जबान्यांच्या, पंचनाम्यांच्या नकला करून द्यायच्या, एवढंच काम. तीन वर्षांत इतके खून कागदावर उतरवले की घरी वाण्याची यादी लिहायला बसलो तरी हात ‘मयत नामे’ असं सुरू करायचा. देश स्वतंत्र झाला त्या दिवाळीत मी नोकरी सोडली आणि त्या नकलांच्या जोरावर एक नाटक लिहिलं. नाव ‘खाडीवरचा खून’. लेखक मी, कंपनीचा मालक मी आणि नाटकातला फौजदार इनामदारही मीच. बायको म्हणायची, “खुनी पण तुम्हीच व्हायचं होतं, एक माणूस वाचला असता.”

खुनी होता दामू, माझा शाळासोबती. बाकी नऊ माणसं. भातं कापून झाली की आम्ही निघायचो ते शिमग्याला परत. रेवसपासून आगरदांड्यापर्यंत जिथे जत्रा असेल, पूजा असेल, तिथे आमचा खेळ. ट्रंका मचव्यात, माणसं बैलगाडीत. आमच्या नाटकात गाणं नव्हतं, देव नव्हते, राजा नव्हता. लोक त्याला नाटक म्हणतच नसत, ‘पोलिसाचा खेळ’ म्हणत. गावात एरवी पोलीस आला की माणसं मागच्या दाराने जातात. आमचा पोलीस बघायला पुढच्या जागेसाठी भांडत.

धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसेल. खेड्यात हँडबिल कोण वाचणार? म्हणून खेळाच्या दिवशी दुपारी आम्ही ‘वर्दी फिरवायचो’. मी पूर्ण पोशाखात पुढे, मागे दोरीने हात बांधलेला दामू, त्याच्या मागे डफवाला. सगळ्या आळ्यांतून एक फेरी. पोशाख अलिबागच्या शिंप्याकडून शिवलेला, पट्टा एका पेन्शनर फौजदाराने हौसेने दिलेला. खरे बिल्ले लावायला बंदी होती, म्हणून साधी पितळी बटणं होती. पण बटणाजवळ जाऊन बघतो कोण? मिशी माझी स्वतःची होती आणि चालही मी कोर्टात बघून बघून उचलली होती.

दारूबंदीचे ते दिवस. रेवदंड्याच्या पलीकडच्या एका गावात आम्ही वर्दी फिरवायला शिरलो आणि पाच मिनिटांत सगळ्या गावाने आपापली मडकी विहिरीत ओतली. मग डफ वाजला आणि खुलासा झाला. त्या दिवशी खेळ झाला नाही. आमच्यामागे लोक दगड घेऊन धावले आणि त्यांची चूक होती असं मला आजही वाटत नाही. आगरदांड्याच्या तरीवाल्याने एकदा मला पैसे न घेता पलीकडे नेलं आणि मध्यावर होडी थांबवून आपल्या भावाला सोडवायची गळ घातली. मी नट आहे म्हटल्यावर म्हणाला, “असूं दे, सायबाला सांगा तरी. तुमची भाषा त्येला कळंल.” एका खऱ्या फौजदाराने पुढच्या खुर्चीवर बसून खेळ पाहिला आणि नंतर मला पान देत म्हणाला, “सगळं ठीक आहे हो, पण तुमचा फौजदार लोकांचं फार ऐकून घेतो. एवढं ऐकणारा माणूस आमच्या खात्यात टिकायचा नाही.” हे वाक्य मी पुढे कित्येक वर्षं कौतुक म्हणून लोकांना सांगत होतो.

गमती संपल्या.

आता नाटकातला एक प्रवेश सांगायला हवा. दुसऱ्या अंकात खाडीवर गणपत नावाच्या माणसाचं प्रेत सापडतं. मी येतो, बायकोची फिर्याद लिहून घेतो, प्रेताभोवती एक फेरी मारतो, टोपी सारखी करतो आणि म्हणतो, “ठीक आहे. प्रेत हलवायला हरकत नाही.” चारजण प्रेत उचलून आत नेतात आणि अंक पुढे सरकतो. फिर्याद मी खरंच लिहायचो. खेड्यात पहिली रांग हाताच्या अंतरावर असते, कोरडं पेन फिरवलं की पोरं ओरडतात. म्हणून मी एक जाड, लाल पुठ्ठ्याची चोपडी ठेवली होती आणि दर खेळाला त्यात नवीन पानावर गणपतच्या बायकोची तीच फिर्याद लिहीत होतो. अशा शेकडो फिर्यादी त्यात आहेत. मला त्याचा अभिमान होता. खोटं काम पण खरं करतो, असं वाटायचं.

खारेपाटातलं ते गाव. नाव लिहीत नाही. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाच्या आत सगळी भाताची जमीन आणि ती एका मालकाची. कुळकायद्याचा बोलबाला सुरू झाला होता. कसणाऱ्याची जमीन होणार, ही बातमी कुळांच्या आधी मालकांना कळली होती. त्या भागात मग बांध आपोआप फुटायला लागले. एकदा खारं पाणी आत आलं की तीन-चार वर्षं भात येत नाही. कूळ कंटाळून मिठागरावर नाहीतर मुंबईला जातं, कसणाराच उरत नाही. बांध कोण फोडतं हे सगळ्यांना माहीत असायचं आणि कुठल्याही कागदावर नसायचं.

आम्ही दुपारी वर्दी घेऊन शिरलो तेव्हा एकही मूल मागे आलं नाही. डफवाल्याने आपणहून डफ खाली केला. एका घरापुढे माणसं जमली होती. आमच्याकडे वळलेल्या चेहऱ्यांवर जी सुटका दिसली, ती मी आजवर कुठल्याही प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर पाहिलेली नाही. त्या घोळक्यातून पंचविशीची एक बाई आली आणि तिने माझा पट्टा दोन्ही हातांनी धरला. तिचं नाव जानकी.

“सायेब, तुमी आलाव. मना वाटला कोनी येयाचा न्हाय.”

तिचा नवरा हिरू बांधाची राखण करायचा. पहाटे तो बांधाच्या दारापाशी, पाण्यात पालथा सापडला होता. भरतीचं पाणी अडवणारं ते दार उघडं होतं.

“पाय घसरला म्हंतान. मानूस पुढं पडला, त डोकं मागनं कसा फुटंल? तुमी बगा. तुमीच बगा.”

गावचा पोलीस पाटील तिथेच उभा होता. ठाण्याला खबर देणं हे त्याचं काम. खेळाला परवानगी त्यानेच दिली होती, म्हणजे मी कोण हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो एका शब्दाने म्हणू शकला असता, बाई, हा नाटकवाला आहे. तो हसल्यासारखं करून म्हणाला, “घ्या की लिवून, सायेब. तिच्या जिवाला बरा वाटंल.”

मीही एका शब्दाने म्हणू शकलो असतो.

मला वाटलं, बाई रडते आहे, पट्टा सोडत नाही, चार ओळी लिहिल्याने काय बिघडतं? चोपडी माझ्या काखेत होतीच. मी ओट्यावर बसलो आणि लिहिलं. तिने सगळं सांगितलं. आदल्या संध्याकाळी मालकाची दोन माणसं हिरूला ‘उद्यापासून बांधावर जाऊ नको’ सांगून गेली होती, त्यांची नावंसुद्धा तिने सांगितली. मी तिला मध्ये तोडलं नाही. फार छान ऐकलं. मग तिने मला आत नेलं आणि हिरूचं डोकं वळवून दाखवलं. मागे, कानाच्या वर, दोन बोटं जातील एवढी खोक होती. दिवसाचा उजेड होता. मी ती नीट पाहिली.

बाहेर आलो. पन्नास-साठ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तिथून निघायचं होतं, आणि नटाला वाक्य टाकल्याशिवाय निघता येत नाही. मी टोपी सारखी केली. माझ्या तोंडाने म्हटलं, “ठीक आहे. प्रेत हलवायला हरकत नाही.”

हे लिहिताना मी दोनदा उठून ओटीवर फेऱ्या मारून आलो. अशा वेळी लोक म्हणतात, तोंडातून निघून गेलं. निघून गेलं नाही. शेकडो वेळा घोटलेलं वाक्य होतं, ते आपल्या जागेवर आलं. आणि मी काही अडाणी नट नव्हतो. त्या सहा शब्दांचा कायद्यात काय अर्थ होतो हे त्या अंगणात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तीन वर्षं त्याच्याच नकला केल्या होत्या.

पाटील लगेच वळला. “ऐकलाव ना? सायबांनी परवानगी दिली. तयारीला लागा.” हिरूचा भाऊ होडीने ठाण्यावर जायला म्हणून खाडीकडे निघालाच होता, तो माझ्या पायाला हात लावून परत आत गेला. फौजदार घरी आलेला असताना ठाण्यावर जायचं कशाला? जानकीने मला विचारलं, “कागद देताव ना?” मी पान फाडलं, खाली ‘इनामदार, फौजदार’ अशी झोकात सही केली आणि तिच्या हातात दिलं. तिने ते घडी करून चोळीत ठेवलं.

खेळ करणं शक्य नव्हतं. आम्ही गाडी जुंपून निघालो. गाव मागे पडलं. दामूच्या हाताची दोरीसुद्धा सोडायची राहिली होती. बांधाच्या टोकाशी आल्यावर तो म्हणाला, “तू काय बोललास ते तुला कळलं का?”

“तिला बरं वाटावं म्हणून.”

“फाट्यावरून ठाणं दोन कोस आहे. आत्ता जाऊ. मी येतो बरोबर. आहे तसं सांगू.”

मी हिशोब केला. खोटा फौजदार बनून फिर्याद घेतली हा गुन्हा. परवाना जाणार, कंपनी जाणार, कदाचित आत बसायला लागणार. लाकडं जमवून, नातेवाईक येऊन प्रेत उचलेपर्यंत तीन-चार तास तरी होते. गाडीत अकरा माणसं होती, त्यातल्या एकानेच तोंड उघडलं, आणि तो आमचा खुनी होता.

“उद्या बघू,” मी म्हणालो.

फाटा आला, गेला. संध्याकाळी हिरूला जाळलं. त्याच्याबरोबर ती खोकही जळली. जानकीचा दीर पंधरा दिवसांनी ठाण्यावर गेला, तेव्हा त्यांनी विचारलं, प्रेत कुठे आहे? हा म्हणाला, फौजदारांनी हलवायला सांगितलं. कोण फौजदार? नाव त्याला माहीत नव्हतं, कागद जानकीच्या पेटीत होता. दारू पिऊन आलास का म्हणून त्याला हाकललं. हे मला नंतर समजलं. त्या खारीत सहा वर्षं भात आलं नाही आणि कुळं एकेक करून गेली.

पुढच्या हंगामात जानकी आमच्या खेळाला आली, दुसऱ्या गावी, चार कोस चालत. बरोबर सात वर्षांचा मुलगा, नारायण. खेळ सुरू व्हायच्या आधी दुपारी ती आमच्या बिऱ्हाडाच्या दारात उभी राहिली. मी तोंडाला रंग लावत होतो, समोर आरसा होता. एवढं बघूनसुद्धा तिच्या मनात काही आलं नसेल का, हे मला माहीत नाही. तिने विचारलं, “सायेब, तपास कवर आयला?”

मी म्हणालो, “चालू आहे.”

त्यानंतर ती दर वर्षी यायची. कधी थोडे पोहे, कधी सुके बोंबील आणायची. मी दर वर्षी तेच उत्तर द्यायचो आणि बोंबील ठेवून घ्यायचो. दामूने दुसऱ्या वर्षीच कंपनी सोडली. भांडला नाही. “मला दुसरा खुनी बघायला सांगू नकोस,” एवढंच बोलला आणि सासऱ्याच्या वाडीत नारळ पाडायला गेला.

ते वाक्य मला पुढे म्हणता येईना. नाटक माझं होतं, मी वाक्य काढून टाकलं. पण वाक्याशिवाय प्रेत उचलायला माणसं आत येईनात, त्यांचा तोच इशारा होता. गणपतचं काम करणारा बिचारा अख्खा दुसरा अंक रंगमंचावर पडून राहायचा आणि त्याला डास चावले की लोक पोट धरून हसायचे. रडवणारं नाटक हसवायला लागलं की ते संपतं. जत्रांत तंबूतला सिनेमा यायला लागला हे खरं आहे आणि कंपनी का मोडली असं विचारणाऱ्याला मी तेच कारण देतो. पण कंपनी आमच्या मढ्याने बुडवली. मी नागावला परत आलो आणि वडिलांची सुपारीची वाडी बघायला लागलो. बोंबील येणं बंद झालं. मला वाटलं, सुटलो.

यंदा पावसाळा संपता संपता एका सकाळी मी वाडीत पाणी सोडत होतो. बायको सांगत आली की दारात पोलीस आहे. निळी अर्धी विजार, पिवळी टोपी, विशीतला पोरगा. उन्हात उभा होता, ओटीवर ये म्हटलं तरी आला नाही.

“फौजदार इनामदार तुमीच का?”

बारा-तेरा वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. मी म्हटलं, “तू कोण?”

“हिरूचा नारायण.”

मग तो ओटीवर आला. गेल्या वर्षी भरती झाला होता. त्याची आई त्याला लहानपणापासून एकच सांगत आली होती: एक फौजदार आला होता, त्याने सगळं ऐकलं, त्याने लिहून घेतलं, तूसुद्धा तसा हो. तो तसा व्हायला गेला. नोकरी लागल्यावर एका म्हाताऱ्या हवालदाराच्या हातापाया पडून त्याने त्या सालच्या जुन्या नोंदी काढायला लावल्या. हिरूचं नाव कुठेच नव्हतं. इनामदार नावाचा फौजदार त्या ठाण्यात कधी नव्हता. शेवटी हवालदाराने कागदाकडे बघून सांगितलं, अरे, हा तर नागावच्या त्या पोलिसाच्या खेळातला. मी पाहिलाय तो खेळ, फक्कड काम करायचा.

नारायणने खिशातून घडी काढली. चोळीत, पेटीत, देवामागे राहून कागद पिवळा पडला होता, घड्यांवर फाटला होता. अक्षर माझं, कोर्टातलं, वळणदार. मी आत गेलो आणि लाल चोपडी घेऊन आलो. गणपतच्या फिर्यादींच्या मधोमध एका पानाचं टोक राहिलेलं आहे. त्याने कागद त्या टोकाला लावून बघितला. बसला.

“आईला सांगितलंस?” मी विचारलं.

“आय अंथरुनावर हाय. डोल्यांनी दिसत न्हाय तिला. तिला वाटतं केस कोर्टात हाय.” मग त्याने पिशवीतून शाळेची असते तशी एक वही काढली, पेन काढलं. “तुमची जबानी लिवून घ्यायचीय.”

“केस आता उभी राहणार नाही, बाळा. पुरावा...”

“मना म्हाईत हाय. मी पोलीस हाय.”

त्याने प्रश्न विचारले. नाव, गाव, धंदा. त्या दिवशी दुपारी कुठे होतात, कुठला पोशाख होता, मयताला पाहिलंत का, जखम कुठे होती. मी सांगत गेलो. मालकाच्या त्या दोन माणसांची नावं मला अजून पाठ होती, तीही सांगितली. त्याचं अक्षर जड होतं, तो सावकाश लिहीत होता आणि मला एकदाही मध्ये तोडत नव्हता. बायको दाराआड उभी राहून ऐकत होती. इतकी वर्षं तिला मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

“प्रेत हलवायला परवानगी कोनी दिली?”

“मी.”

“तुमाला अधिकार होता?”

“नव्हता.”

“मंग ठान्यावर का न्हाय गेलाव?”

“भ्यालो.”

त्याने ते लिहिलं. मग मला सगळं वाचून दाखवलं आणि खाली माझ्या खऱ्या नावाने सही करायला सांगितली. पेन हातात घेतल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, “यात एक राहिलं, नारायण. मी ते वाईट हेतूने केलं नाही. तुझ्या आईचे डोळे पुसावेत एवढंच माझ्या मनात होतं. तेवढी एक ओळ घाल.”

त्याने पुन्हा एकदा वाचल्यासारखं वहीकडे बघितलं. रागावलेला दिसला नाही.

“ते लिवता येयाचा न्हाय,” तो म्हणाला. “त्येला साक्षीदार न्हाय.”

मी सही केली. त्याने वही पिशवीत ठेवली, टोपी सारखी केली आणि फाटकातून बाहेर पडला.